कांकण

सकाळी सहाला पोदेराचा भोंगा वाजतो
आणि दीड तासापूर्वी निजवलेलं बाळ
दोन्ही हात फेकून दचकतं,
जणू कुणी माडावरून सोडून दिलं त्याला.
मी त्याला पोटाशी घेते,
मनातल्या मनात आग्नेलला एक शिवी घालते.
फोंड्यात, मार्केटच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर
सकाळ अशीच येते आमच्याकडे,
सायकलवरून.

निहिरा तोवर बाल्कनीत.
अंगात कालचाच फ्रॉक, एका पायात मोजा.
दोरीची टोपली खाली सोडते, कठड्याला पोट टेकून.
वाकू नको गं, वाकू नको,
हे मी झोपेतसुद्धा म्हणते, असं सुदेश सांगतो.
खालून आवाज, "कितले गो बाय?"
"चार उंडे!"

आधी तीन असायचे.
चौथा कुणाचा?
"त्याचा."
त्याला दात कुठायत?
"म्हणून तर मी खाते."
मी शाळेत गणित शिकवते.
यात चूक सापडली नाही.

साडेसातला सुदेश येतो कुंडईहून, रात्रपाळी करून,
शर्टाला गोळ्यांच्या पावडरीचा कडवट वास.
हॉलमध्ये चटई टाकून आडवा होतो,
मग आम्ही तिघं कुजबुजत जगतो.
कुजबुजत डबा भरायचा, कुजबुजत वेणी,
कुजबुजत भांडायचं की वेणी सैल झाली.
बाळ मात्र कुजबुजत नाही.

बालवाडीच्या बाईंनी परवा व्हॅनपाशी थांबवलं.
हसत होत्या.
निहिरानं वर्गात सांगितलंय म्हणे,
आमचं बाळ टोपलीतून आलं.
पोदेरानं खालून ठेवलं,
मी एकटीनं ओढलं. फार जड होतं.
आई झोपली होती.

अडीच महिन्यांपूर्वीचे माझे टाके
हे ऐकून गप्प राहिले.
खरंच, मी झोपलेलीच होते की.

आणि काल मुंग्या.
लंगोटांच्या खणात तांबडी रांग,
बाळाच्या मांडीवर दोन लाल गांध्या.
मी खण ओढून सगळा पलंगावर उलटा केला.
लंगोट, टोपडी, दुपट्याची घडी,
आणि त्यांच्या मधून खडखडत पडली
कांकणं.
सात. दगडासारखी. एकाची कड कुरतडलेली.

मी ओरडले. जरा जास्तच.
चटईवर सुदेश उठून बसला.
इतक्या दिवसांचं न ओरडलेलं सगळं
त्या एका खणात जाऊन पडलं.

ती रडली नाही.
एक कांकण उचललं, फुंकर मारून मुंगी उडवली,
बांगडीसारखं हातात चढवलं.
"आग्नेल देतो. पैसे नाही घेत.
भावाक दांत येतले न्हय, म्हणतो.
मी याला दिलं,
पण हा मूठच उघडत नाही.
मग ठेवून दिलं. रोज एक.
दात आले की एकदम लागतील ना."

सात दिवस. म्हणजे मागच्या मंगळवारपासून.
त्याच मंगळवारी मी तिला म्हटलं होतं
जरा लांब बस, त्याला दूध पिऊ दे.
या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध
असेल किंवा नसेल.

लंगोट पुन्हा धुतले. गांध्यांना खोबरेल लावलं.
चकलीचा डबा रिकामा केला, घट्ट झाकणाचा,
आणि कांकणं त्यात.
खणात नाही, टीव्हीजवळ, सगळ्यांना दिसेल असा.

झाकण तिला उघडत नाही.
आज आठवं घेऊन ती आली ती नेमकी
बाळ अंगावर पीत असताना.
एका हातानं ते मलाही उघडत नाही.
तिनं डबा गुडघ्यांत धरला,
मी झाकण फिरवलं.
मध्ये बाळानं तोंड सोडलं,
डब्याकडे नाही, छताकडे बघितलं
आणि परत प्यायला लागलं.